लास व्हेगासहून एका दिवसात: पाण्याखालून वर आलेलं सेंट थॉमस कसं बघावं

लास व्हेगासला येणाऱ्या मराठी कुटुंबांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. दोन संध्याकाळी स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या झगमगत्या रस्त्यावर, एक दिवस ग्रँड कॅन्यनला, आणि जाता-येता हूवर धरण. धरणाच्या भिंतीवर उभं राहून सगळे खाली डोकावतात, फोटो काढतात आणि पुढे निघतात. या धरणाच्या पाण्याखाली एक नांदतं गाव गेलं होतं आणि ते आता पुन्हा उघडं पडलंय, पायी हिंडून बघता येतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्या गावाचं नाव सेंट थॉमस. व्हेगासच्या ईशान्येला, गाडीने साधारण सव्वा ते दीड तासावर.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. गोव्यात साळावलीच्या जलाशयातून मे महिन्यात कुर्डी उघडी पडते आणि विस्थापित झालेली माणसं तिथल्या देवळापाशी जमतात. बुडीत क्षेत्र, धरणग्रस्त, पुनर्वसन हे शब्द आपल्याकडे ज्या घरांनी सोसले आहेत, त्या घरांतल्या माणसांना सेंट थॉमस समजायला वेळ लागणार नाही. म्हणूनच भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी इथे आवर्जून नेते. स्ट्रिपवरचे दिवे बघून झाले की ते दिवे ज्या पाण्याच्या आधाराने टिकले त्याची दुसरी बाजूही बघावी. व्हेगासला लागणारं सुमारे ९० टक्के पाणी याच लेक मीड जलाशयातून येतं. तुमच्या हॉटेलच्या नळालाही तेच पाणी.

तर जायचं कसं, कधी, सोबत काय न्यायचं आणि तिथे पोहोचल्यावर नेमकं काय बघायचं, ते सविस्तर सांगते.

आधी गावाची गोष्ट माहीत करून घ्या

ही पायरी वगळू नका. सेंट थॉमसमध्ये उभ्या भिंती फारच थोड्या आहेत. गोष्ट माहीत नसेल तर दिसतात ते पडके चौथरे, आणि माणूस अर्ध्या तासात कंटाळून गाडीकडे वळतो. गोष्ट माहीत असेल तर दोन तासही कमी पडतात.

१८६५ च्या जानेवारीत थॉमस स्मिथ यांच्या पुढारपणाखाली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं मडी आणि व्हर्जिन या दोन नद्यांच्या संगमापाशी उतरली. त्यांना सॉल्ट लेक सिटीहून पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी धाडलं होतं. हेतू दोन. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे दक्षिणेचा कापूस मिळेनासा झाला होता, तेव्हा उष्ण हवेच्या या खोऱ्यात आपला कापूस आपण पिकवायचा. शिवाय कोलोरॅडो नदीतून बोटींनी माल आणि माणसं वर आणायचा बेत होता. त्यासाठी नदीकाठी कॉलव्हिल नावाचं बंदर वसवलं जात होतं आणि त्याच्या वाटेवर वस्त्या हव्या होत्या. सेंट थॉमस, सेंट जोसेफ, ओव्हर्टन अशी गावं मग एकामागून एक उभी राहिली.

मॉर्मन लोकांची गावं वसवण्याची पद्धत शिस्तीची. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, प्रत्येक कुटुंबाला घर बांधायला एकेक एकराचा तुकडा, गावाबाहेर शेतजमीन, आणि रस्त्याच्या कडेने पाटाचं पाणी. पाटालगत कॉटनवूडची झाडं लावलेली. घरं कच्च्या विटांची. उन्हाळा भाजून काढणारा, डासांचा आणि हिवतापाचा त्रास. तरी कापूस पिकला, गहू पिकला.

इथे कोणी राहत नव्हतं असं मात्र समजू नका. सदर्न पायूट हे इथले मूळनिवासी लोक या खोऱ्यात आधीपासून शेती करत होते. जेडेडाया स्मिथ हा फिरस्ता १८२६ मध्ये या बाजूने गेला तेव्हा त्याला त्यांची मका-भोपळ्याची शेतं दिसली होती. नव्या वसाहतींनी त्यांचं पाणी आणि सुपीक जमीन घेतली. १८७३ मध्ये त्यांच्यासाठी मडी नदीकाठी मोआपा इथे राखीव प्रदेश जाहीर झाला आणि दोनच वर्षांत तो कापून अवघ्या १,००० एकरांवर आणला गेला. सेंट थॉमसला जाताना तुम्ही त्यांच्याच भूमीवरून जाता. तेव्हा बुडालेल्या गावाची हळहळ वाटताना हेही मनात असू द्या.

गाव पहिल्यांदा उठलं ते पाण्यामुळे नव्हे, सीमेच्या रेघेमुळे. वसाहतवाल्यांची समजूत होती की आपण युटा किंवा ॲरिझोनाच्या हद्दीत आहोत. ॲरिझोनाने तर या भागाचा वेगळा जिल्हाही केला होता. पण अमेरिकी काँग्रेसने हा पट्टा नेवाडाला जोडला, आणि १८७० च्या मोजणीत गाव नेवाडातच येतं हे पक्कं झालं. नेवाडाने मागच्या वर्षांचा थकलेला कर मागितला, तोही सोन्या-चांदीच्या नाण्यांत. देवाणघेवाणीवर चालणाऱ्या शेतकरी वस्तीत रोख नाणं कुठून असणार? १८७० च्या अखेरीस लोकांनी गाव सोडायचं ठरवलं आणि १८७१ च्या सुरुवातीला गाड्या जुंपून ते युटातल्या लाँग व्हॅलीकडे निघाले. घरं, पाट, लावलेली झाडं जागच्या जागी राहिली. मूळ स्वित्झर्लंडचे डॅनियल बोनेली यांचं कुटुंब तेवढं मागे थांबलं. पुढे त्यांनी कोलोरॅडो नदीवर तरीचा धंदा चालवला.

१८८० नंतर माणसं हळूहळू परतली. या दुसऱ्या डावात सेंट थॉमस रस्त्यावरचं गाव झालं. १९१२ मध्ये मोआपाहून रेल्वेचा फाटा इथवर आला. ॲरिझोनातल्या ग्रँड गल्च खाणीचं तांबं इथे आणून गाड्यांत भरलं जाऊ लागलं. लॉस एंजलिस ते सॉल्ट लेक सिटी हा ॲरोहेड ट्रेल नावाचा मोटाररस्ता गावातून जायचा. हॉटेल, गॅरेज, शाळा, टपाल कार्यालय, आइस्क्रीमचं दुकान असं सगळं होतं.

डिसेंबर १९२८ मध्ये बोल्डर कॅन्यन प्रकल्पाचा कायदा झाला आणि गावाचं भवितव्य ठरलं. सरकारने जमिनी आणि घरं विकत घेतली. स्मशानातल्या कबरी उकरून ओव्हर्टनजवळ हलवल्या. १९३५ मध्ये हूवर धरण पूर्ण झालं, तरी पाणी इतक्या वरपर्यंत चढायला तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं काही जणांना पाणी आपल्यापर्यंत येणारच नाही असं वाटत राहिलं. आपल्याकडच्या धरणांच्या गोष्टी ऐकल्या असतील तर ही आशा ओळखीची वाटेल. ११ जून १९३८ रोजी ह्यू लॉर्ड हा शेवटचा रहिवासी, पाणी घरात शिरल्यावर होडीत बसून निघून गेला. त्याच महिन्यात टपाल कार्यालयानेही शेवटचे शिक्के मारले.

जलाशय भरलेला असताना गावावर साठ-सत्तर फूट पाणी असायचं. मधल्या काळात पाणी उतरलं की गाव थोडे दिवस डोकं वर काढायचं आणि पुन्हा बुडायचं. या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडो खोऱ्यात लांबलेला दुष्काळ सुरू झाला, तेव्हापासून ते उघडंच आहे. लेक मीडची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,२२९ फूट. जुलै २०२२ मध्ये ती सुमारे १,०४० फुटांवर आली होती, म्हणजे १९३० च्या दशकात जलाशय भरत आला तेव्हापासूनची सर्वांत खाली. त्यामुळे आज तुम्ही कोरड्या पायाने गावात शिरू शकता.

कधी जावं

नोव्हेंबर ते मार्च. एवढंच उत्तर आहे. ऑक्टोबरचा शेवट आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा चालून जातो, पण पहाटे निघायचं आणि अकराच्या आत परत गाडीपाशी यायचं.

मे ते सप्टेंबर जाऊच नका. तापमान चाळीस अंशांच्या वर जातं आणि वाटेवर सावली नाही. नागपूर-जळगावच्या माणसाला चाळीसचं काय कौतुक, असं म्हणणारे भेटतात. फरक असा की इथली हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, जागच्या जागी उडून जातो. अंगातलं पाणी संपत आलंय हे डोकं दुखायला लागल्यावरच समजतं. मुलांच्या सुट्टीमुळे जून-जुलैतच येणं झालं असेल तर सेंट थॉमस यादीतून काढा. त्याऐवजी काय बघता येईल ते शेवटी सांगितलंय.

पाऊस पडून गेल्यावर निदान दोन दिवस जाऊ नका, तोवर कच्चा रस्ता चिखलाचा असतो. डोंगरात दूरवर पडलेल्या पावसाचं पाणी कोरड्या ओढ्यांतून लोंढ्यासारखं येतं, म्हणून आभाळ भरलेलं असेल तर बेत पुढे ढकला.

गाडी आणि रस्ता

सार्वजनिक वाहन इथवर जात नाही. आपली किंवा भाड्याची गाडी लागतेच.

भाड्याची गाडी असेल तर करार आधी वाचा. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात, आणि तिथे काही झालं तर विमा लागू होत नाही. सेंट थॉमसच्या फाट्यापासून पायवाटेच्या सुरुवातीपर्यंत साडेतीन मैलांच्या आसपास कच्चा रस्ता आहे. जमीन कोरडी असेल तर साधी गाडीही हळूहळू जाते. पण रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात, त्यांवरून जोरात गेलं की गाडी खिळखिळी होते. थोड्या उंच गाडीने गेलात तर डोक्याला ताप नाही.

सकाळी लवकर व्हेगास सोडा आणि आंतरराज्य महामार्ग १५ वरून उत्तरेला निघा. माझ्या मते जाताना ९३ नंबरच्या एक्झिटने लोगनडेल-ओव्हर्टनमार्गे जावं आणि येताना व्हॅली ऑफ फायर या उद्यानातून ७५ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडावं. कारण सेंट थॉमस सकाळच्या गारव्यात बघायला हवं, आणि व्हॅली ऑफ फायरचे लाल खडक दुपार कलल्यावर खुलतात. उलटं केलं तर दोन्हींची मजा जाते.

ओव्हर्टन हे शेवटचं गाव. तिथे पेट्रोल भरा, स्वच्छतागृह वापरा, घरी फोन करून साधारण किती वाजता परत येऊ ते कळवा. पुढे फोनला रेंज मिळेल याची खात्री नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. ओव्हर्टनहून दक्षिणेला नॉर्थशोर रोडच्या दिशेने दहाएक मैलांवर, व्हॅली ऑफ फायरचा रस्ता जिथे येऊन मिळतो त्या परिसरात, सेंट थॉमसचा फाटा पूर्वेकडे फुटतो. पाटी आहे, पण लहान. त्या टप्प्यात गाडीचा वेग कमी ठेवा.

हा भाग लेक मीड राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात येतो. खाजगी गाडीला प्रवेश शुल्क २५ डॉलर आहे आणि ते सात दिवस चालतं. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर वेगळे पैसे पडत नाहीत. निघण्यापूर्वी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर शुल्क आणि रस्ता चालू आहे की बंद, दोन्ही बघून घ्या. पास ऑनलाइन काढून ठेवला तर उत्तम, नाहीतर निदान कार्ड जवळ हवं.

सोबत काय न्यावं

पाणी माणशी चार लिटर. हे दिवसभराचं, पण त्यातलं निदान दोन लिटर पाठीवर हवं, गाडीत ठेवलेलं कामाचं नाही. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत बाटलीत भरून न्या. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, किंवा पोळी-भाजीचे रोल. दशमी कोरड्या हवेतही मऊ राहते आणि सांडलवंड होत नाही. इथे एकही दुकान नाही.

बूट जाड तळव्याचे, कारण जमिनीत जुने खिळे आणि फुटक्या काचा आहेत. चपला-सँडल नकोत. पँट पायभर, कारण वाटेच्या दोन्ही अंगांना टॅमरिस्कची झुडपं आहेत आणि ती अंगाला घासतात. रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, आणि हिवाळ्यात सकाळच्या वाऱ्यासाठी एक जाकीट.

पाण्याबद्दल अजून ऐकायचं असेल तर परतीच्या वाटेवर व्हॅली ऑफ फायरच्या पूर्व दारापाशी जॉन क्लार्क यांचं छोटं स्मारक बघा. यादवी युद्धात लढलेला हा निवृत्त सैनिक १९१५ च्या जूनमध्ये घोडागाडीने ॲरोहेड ट्रेलवरून चालला होता. तिथे पाण्यावाचून त्याचा जीव गेला.

प्रत्यक्ष गावात

पायवाट गोलाकार आहे, सगळी मिळून अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. गाडी उभी करता ती जागा उंचवट्यावर आहे. पहिल्यांदा तिथेच पाच मिनिटं थांबा आणि समोरचं खोरं नीट न्याहाळा. खालचा सगळा सपाट भाग जलाशयाचा तळ होता. मग वाट उतरते आणि तुम्ही त्या तळावर येता. उतार सोपा आहे, मात्र परत येताना तोच चढ दमलेल्या पायांनी आणि वाढलेल्या उन्हात चढायचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन ठरवावं.

खाली आल्यावर आधी माती बघा. ही मूळ गावाची माती नव्हे. नद्यांनी वाहून आणलेला आणि जलाशयात साचलेला बारीक गाळ आहे, वाळल्यावर पिठासारखा. पावलाखाली भुसभुशीत लागतो आणि बुटात शिरतो. त्यात नखाएवढे पांढरे शिंपले जागोजागी दिसतील. वाळवंटाच्या मधोमध, चौथऱ्याच्या कडेशी, दाराच्या उंबऱ्यापाशी शिंपले. इथे साठ फूट पाणी होतं हे पाटी वाचून जेवढं पटत नाही तेवढं या शिंपल्यांनी पटतं. वाकून बघा, उचलून खिशात मात्र घालू नका.

टॅमरिस्कच्या झुडपांतून वाट पुढे गेली की झाडांचे बुंधे दिसू लागतात. एकाच ओळीत, बऱ्यापैकी सारख्या अंतरावर. ही रस्त्याकडेची झाडं. या ओळी ओळखता आल्या की गावाचा नकाशा उलगडतो: दोन ओळींच्या मधला मोकळा पट्टा म्हणजे रस्ता, आणि ओळीच्या पलीकडचे चौथरे म्हणजे घरं. मी सोबतच्या लोकांना नेहमी आधी बुंध्यांच्या ओळीत उभं करते. तिथून मग कुठला रस्ता कुठे जात असेल हे त्यांचं त्यांना दिसायला लागतं, पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

चौथऱ्यांजवळ जमिनीत गोल विहिरीसारखी बांधलेली टाकी आढळतील. या विहिरी नाहीत, पाणी साठवायची टाकी आहेत. पाटाचं गढूळ पाणी त्यांत घेऊन निवळू द्यायचं आणि मग वापरायचं. आपल्याकडे गडकिल्ल्यांवरची टाकी बघितलेल्यांना यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण यांची तोंडं उघडी आहेत आणि काठ ठिसूळ आहेत. लहान मुलांचा हात इथे सोडायचा नाही. आत वाकून फोटो काढायचा मोहही आवरा.

गावातला सर्वांत ठळक अवशेष म्हणजे हॅनिग आइस्क्रीम पार्लरचा. काँक्रीटचा हा भाग अजून उभा आहे, म्हणून लांबूनही नजरेत भरतो. जवळ जाऊन काँक्रीट बघा. त्यात नदीतले गोटे तसेच घातलेले दिसतात. कच्च्या विटांची जुनी घरं पाण्यात विरघळून गेली, उरलं ते बहुतेक विसाव्या शतकातलं काँक्रीट. त्यामुळे आज जे दिसतं ते मुख्यतः दुसऱ्या डावातलं, रेल्वे आणि मोटारींच्या काळातलं सेंट थॉमस आहे. १८६५ च्या वसाहतीचा पुरावा हवा असेल तर तो या वास्तूंपेक्षा रस्त्यांच्या सरळ रेषांत आहे.

शाळेचा चौथरा मोठा आहे. तिथे बसून डबा खायला हरकत नाही, मात्र कागदाचा कपटाही मागे ठेवू नका. गावाची मुलं इथे शिकली, आणि विस्थापित झाल्यावरही सेंट थॉमसच्या माणसांनी गावाची आठवण पुढच्या पिढ्यांना दिली आहे.

अजून तीन गोष्टी. एक, कुठलीही वस्तू उचलायची नाही आणि हलवायचीही नाही. काचेचे तुकडे, खिळे, बश्यांच्या कपच्या गोळा करून एखाद्या दगडावर मांडून ठेवायची काही जणांना सवय असते. वस्तू मूळ जागेवरून हलली की ती कुठल्या घरातली हे सांगता येत नाही, म्हणून तेही नको. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या जागेतून असं काही नेणं गुन्हा आहे. दोन, ड्रोन उडवायला इथे बंदी आहे. तीन, वाट सोडून नदीच्या दिशेने जाऊ नका. तिकडचा गाळ वरून वाळलेला दिसतो, आतून ओला असतो आणि पाय गुडघाभर रुततो. थंडी ओसरल्यावर दगडांच्या कपारीत रॅटलस्नेक असू शकतो, तेव्हा न बघता हात-पाय घालू नका.

ओव्हर्टनचं लॉस्ट सिटी म्युझियम

गाव बघून झालं की परत ओव्हर्टनला या आणि हे संग्रहालय बघा. लहानसं आहे, तासाभरात होतं, पण ते बघितल्याशिवाय या खोऱ्याची गोष्ट अर्धवट राहते. १९२४ मध्ये पर्किन्स बंधूंनी इथल्या प्राचीन वस्तीचे अवशेष राज्याचे गव्हर्नर जेम्स स्क्रगम यांच्या नजरेस आणले आणि पुरातत्त्वज्ञ मार्क हॅरिंग्टन यांनी उत्खनन केलं. पायूट लोकांच्याही आधी, हजार वर्षांपूर्वी, इथे पुएब्लो लोकांची घरं होती. त्यातला मोठा भाग त्याच जलाशयात गेला. पाणी चढायच्या आत जेवढं उचलता आलं तेवढं उचललं आणि १९३५ मध्ये या संग्रहालयात ठेवलं. इमारतही त्याच पद्धतीच्या कच्च्या विटांची आहे. संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, त्यामुळे वार बघून जा.

परतीची वाट

व्हॅली ऑफ फायर हे नेवाडाचं राज्य उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यानांचा पास इथे चालत नाही. नेवाडाच्या गाडीला १० डॉलर, बाहेरच्या राज्यातल्या गाडीला १५. पूर्व दाराजवळचा हत्तीच्या आकाराचा खडक बघा. जुना ॲरोहेड ट्रेल त्याच्याच जवळून सेंट थॉमसकडे जायचा, म्हणजे सकाळी पाहिलेल्या गावाचा रस्ता तुम्हाला इथे पुन्हा भेटतो. ॲटलॅटल रॉकवर लोखंडी जिना चढून प्राचीन खोदचित्रं बघता येतात. मावळतीनंतर उद्यान बंद होतं. उन्हाळ्यात इथल्याही बऱ्याच पायवाटा बंद ठेवतात.

कुणाला हूवर धरण त्याच दिवशी करायचं असेल तर व्हॅली ऑफ फायर सोडून नॉर्थशोर रोडने दक्षिणेला जाता येतं. वाटेत रॉजर्स स्प्रिंग हा कोमट पाण्याचा झरा लागतो. सावली आहे, टेबलं आहेत, डबा खायला छान. पण त्या पाण्यात डोकं बुडवू नका आणि मुलांना डुंबू देऊ नका. मेंदूला घातक ठरणाऱ्या अमीबामुळे तिथे इशारा दिलेला असतो.

ज्यांना एवढं चालणं जमणार नाही त्यांच्यासाठी

वयस्कर आई-वडील सोबत असतील, उन्हाळा असेल किंवा हातात दोनच तास असतील, तर व्हेगास शहरातच ओल्ड लास व्हेगास मॉर्मन फोर्ट बघा. लास व्हेगास बूलेव्हार्ड नॉर्थ आणि वॉशिंग्टन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर हे राज्य उद्यान आहे, डाउनटाउनच्या कॅसिनोंपासून गाडीने काही मिनिटांवर. स्ट्रिपवरच्या लाखो पर्यटकांपैकी इथे फारच थोडे फिरकतात.

१८५५ च्या जूनमध्ये विल्यम ब्रिंगहर्स्ट यांच्यासोबत तीसेक मॉर्मन पुरुष इथल्या ओढ्याकाठी आले. त्यांनी दीडशे फूट लांबीच्या भिंतींचा कच्च्या विटांचा चौरस कोट बांधला. कॅलिफोर्नियाच्या वाटेवरचं हे थांब्याचं ठिकाण होतं. जवळच्या पोटोसी डोंगरातून शिसं काढायचाही प्रयत्न झाला. १८५७ मध्ये त्यांनी जागा सोडली. पुढे ऑक्टेव्हियस गॅस यांनी इथे रँच थाटलं, ते कर्जापायी आर्चिबाल्ड स्ट्युअर्ट यांच्याकडे गेलं. १८८४ मध्ये त्यांचा गोळी लागून मृत्यू झाल्यावर पत्नी हेलन स्ट्युअर्ट यांनी मुलं सांभाळत अठरा वर्षं तो सगळा पसारा चालवला. १९०२ मध्ये त्यांनी जमीन रेल्वे कंपनीला विकली, आणि १५ मे १९०५ रोजी रेल्वेने प्लॉट लिलावात काढले. आजचं व्हेगास शहर तिथून सुरू झालं. माझ्या लेखी या शहरात सर्वांत आधी ओळख करून घ्यावी अशी व्यक्ती हेलन स्ट्युअर्ट आहे. पायूट लोकांच्या वस्तीसाठी १९११ मध्ये सरकारला दहा एकर जमीनही त्यांच्याकडूनच मिळाली.

मूळ कोटातली एकच छोटी इमारत काही अंशी शिल्लक आहे, बाकी पुन्हा उभारलेलं. आत जाऊन भिंतींची जाडी बघा आणि आतल्या हवेतला व बाहेरच्या उकाड्यातला फरक अंगाने अनुभवा. याच इमारतीत हूवर धरणाच्या कामासाठी काँक्रीटची चाचणी करणारी प्रयोगशाळा होती. म्हणजे सेंट थॉमस बुडवणाऱ्या भिंतीचं साहित्य इथे, मॉर्मन वसाहतवाल्यांच्याच जुन्या घरात तपासलं गेलं. तासाभरात सगळं बघून होतं, चालणं सपाट आहे, माहिती केंद्रात वातानुकूलन आहे. आठवड्यातले काही दिवस बंद असतं, म्हणून सकाळी निघण्याआधी वेळ तपासा आणि दुपारी बाराच्या आत पोहोचा.